मुलाखतीत घसा कोरडा पडतो, त्याचं काय करायचं?

प्रश्न विचारणारा मुलगा राजापूर तालुक्यातला, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेला. रत्नागिरीत एक आणि महाडला एक असे दोन इंटरव्ह्यू त्यानं दिले. दोन्हीकडे आत गेल्यावर घसा कोरडा, तळहाताला घाम. प्रॅक्टिकलला कितीदा तरी केलेल्या टायट्रेशनवर (द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगावर) साधा प्रश्न आला आणि डोकं एकदम रिकामं झालं. आता पुढच्या गुरुवारी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) केमिस्टच्या जागेसाठी बोलावलंय. तो विचारतो, "मॅडम, ही भीती जायला काही उपाय आहे का? मित्र म्हणतो एक गोळी मिळते. आणि इंग्रजीचं काय करू?"

लोटे-परशुराम आणि महाडच्या एमआयडीसीत मी वीसेक वर्षं भरतीचं काम केलं, म्हणजे तू ज्यांना घाबरतोस त्या टेबलाच्या बाजूला बसले. आता चिपळुणात मुलांची तयारी करून घेते. त्यावरून सांगते.

भीती गुरुवारपर्यंत जाणार नाही. तिला घालवायच्या मागे लागलास तर आठवडा त्यातच जाईल, आणि गुरुवारी छाती धडधडली की तुला वाटेल, झालं, सगळी तयारी फुकट. छाती धडधडत असतानाही बोलता आलं पाहिजे, एवढंच आपलं काम. ते सरावानं जमतं. तुझ्यापेक्षा जास्त घाबरणाऱ्या मुलामुलींना जमलेलं मी पाहिलंय.

आधी शरीरात काय होतं ते समजून घे, अर्धा घोर तिथेच कमी होईल. अनोळखी माणसं आपल्याला जोखणार म्हटल्यावर शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. अॅड्रेनलिन वाढतं, काळीज जोरात चालतं, श्वास वरच्या वर होतो. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आखडतात म्हणून हात गार पडतात. लाळ कमी सुटते म्हणून जीभ टाळ्याला चिकटते. सारखं बाथरूमला जावंसं वाटतं तेही यातलंच. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली, माणसाला प्रयोगशाळेत खात्रीनं ताण कसा द्यायचा याची एक पद्धत बसवली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यात काय असतं माहीत आहे? नोकरीची मुलाखत. समितीसमोर उभं राहून पाच मिनिटं 'मी या जागेसाठी योग्य का' हे बोलायचं, मग पाच मिनिटं तोंडी वजाबाकी करायची. समितीला सक्त सूचना असते की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, मान डोलवायची नाही. एवढ्यानं चांगल्या धडधाकट माणसांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं. म्हणजे महाडला तुझं जे झालं त्यात तुझा काही दोष नव्हता.

या प्रयोगातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेव. तिथे लोक घाबरतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे समोरचे निर्विकार चेहरे. आपल्याकडच्या पॅनलवरही ते असतात, पण कारण वेगळं असतं. प्लांटचा मॅनेजर सकाळपासून शिफ्टच्या कटकटीतून उठून आलेला असतो. क्यूसी हेड तुझं उत्तर ऐकताना कागदावर लिहीत असतो. तो हसला नाही म्हणजे उत्तर चुकलं असं धरून तू मधेच थांबतोस आणि तिथून घसरण सुरू होते. त्यांच्या चेहऱ्यावरून स्वतःला मार्क देऊ नकोस. वाक्य पुरं कर.

दुसरं, तुझी भीती तुला जेवढी जाणवते तेवढी आम्हाला दिसत नाही. हे मी पॅनलवरच्या अनुभवानं सांगते, आणि त्यावर संशोधनही आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की आपल्या मनात काय चाललंय ते समोरच्याला किती कळतं, याचा आपला अंदाज नेहमी फुगलेला असतो. पुढे २००३ मध्ये त्यांच्यातल्याच दोघांनी भाषण करायला उभ्या राहणाऱ्यांना हे आधीच सांगून पाहिलं, तर नुसतं ते ऐकल्यामुळे त्यांची भाषणं सुधारली. माझ्या मार्कांच्या कागदावर 'हात थरथरत होते' असा शेरा मी कधी लिहिला नाही. 'हो-नाहीच्या पुढे बोलत नाही' हा लिहिलाय. 'येत नाही ते ठोकून देतो' हाही लिहिलाय, आणि तो लिहिलेला मुलगा घेतल्याचं मला आठवत नाही.

आता सरावाकडे येते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

तू तयारी कशी करतोस ते न विचारता सांगते. नोट्स वाचतोस, मोबाइलवर प्रश्नोत्तरांचे व्हिडिओ बघतोस, रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात उत्तरं देतोस. या तिन्हींत तोंड उघडत नाही. मग मुलाखतीत ते उत्तर आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या तोंडातून बाहेर पडत असतं, तेही अनोळखी माणसांसमोर. ते अडखळणारच. तुमच्या तालुक्यात गणपतीत जाखडी नाचतात, शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. बाकीच्या वेळी चार माणसांत मान वर न करणारी पोरं तिथे शे-दोनशे लोकांसमोर समोरच्या शाहिराला सवाल टाकतात. ती काही निधड्या छातीची म्हणून जन्माला आलेली नसतात. श्रावणापासून रोज रात्री कुणाच्या तरी पडवीत, वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या देखत, चुका करत त्यांनी ते म्हटलेलं असतं. तुझ्या उत्तरांना तशी पडवी मिळालेली नाही.

तेव्हा आजपासून रोज संध्याकाळी कुणाला तरी समोर बसव. आरसा नको, आरशात माणूस स्वतःलाच न्याहाळत बसतो. घरातलं माणूस चालेल, पण त्यातले निदान दोन दिवस तरी ज्याच्यासमोर थोडा संकोच वाटतो असा कुणीतरी असू दे: शाळेतले जुने सर, बँकेतली शेजारची ताई, कंपनीत लागलेला कॉलेजचा सीनियर. त्यांना केमिस्ट्री कळायची गरज नाही. प्रश्न कागदावर लिहून दे आणि सांग की मान डोलवू नका, मधे काही बोलू नका, नुसतं बघत राहा. पहिल्या दिवशी फार अवघड जाईल. तिसऱ्या दिवशी फरक पडतो. उभा राहून एकदा, खुर्चीत बसून एकदा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर आणि ऐक. आपला आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही, तरी ऐक. वाक्याचा शेवट गिळतोस का, एवढंच तपास. कोकणातली बरीच मुलं गिळतात. पहिली चार अक्षरं ऐकू येतात आणि पुढचं पुटपुटणं.

यात पहिल्या दोन मिनिटांवर सगळ्यात जास्त मेहनत घे. बहुतेकांची धडधड आत गेल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त असते, मग बोलायला लागलं की उतरत जाते. आणि पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: स्वतःबद्दल सांगा. म्हणजे भीती सगळ्यात जास्त असते तेव्हा प्रश्न सगळ्यात ओळखीचा असतो. याचा फायदा घ्यायचा. नाव, गाव, कॉलेज हे दोन वाक्यांत. मग लगेच कामावर ये: शेवटच्या वर्षी कुठली प्रॅक्टिकल्स केलीस, कुठलं उपकरण स्वतः हाताळलंस, प्रोजेक्ट काय होता आणि त्यात तुझा वाटा कोणता. 'मी प्रामाणिक आहे, मेहनती आहे' हे वाक्य काढून टाक, त्यातून आम्हाला काही कळत नाही. 'पीएच मीटर रोज बफरनं कॅलिब्रेट करायचं काम माझ्याकडे होतं' या एका वाक्यातून बरंच कळतं, आणि पुढचा प्रश्न त्याच्यावर येतो. म्हणजे पुढचा प्रश्नही तूच निवडलास.

आता डोकं रिकामं होतं त्याबद्दल. तुझी खरी धास्ती ही आहे, म्हणून सावकाश सांगते.

ताणात आठवण पुसली जात नाही, ती बाहेर यायची वाट अडते. तेव्हा तू काय करतोस? गप्प बसून आत शोधतोस, आणि शोधताना मनात चाललेलं असतं, 'परत तसंच होतंय, आता यांना काय वाटत असेल.' लक्ष प्रश्नावरून उठून स्वतःवर जातं. ते परत कामावर आणायचं. त्यासाठी तीन गोष्टी तोंडात बसवून ठेव. पहिली, प्रश्न मोठ्यानं परत म्हणायचा. दुसरी, सरळ सांगायचं: "सर, अर्धा मिनिट विचार करून सांगतो." कुणीही नाही म्हणत नाही, उलट घाईत चूक करण्यापेक्षा थांबणारा माणूस लॅबमध्ये बरा असं क्यूसीवाल्यांना वाटतं. तिसरी, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, व्याख्या आठवायचा प्रयत्न सोडून हातानं काय केलं होतं ते सांगायला लागायचं.

उदाहरण घे. प्रश्न आला, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं एक लिटर द्रावण कसं बनवशील? तुला नॉर्मॅलिटीचं सूत्र आठवत नाहीये. ठीक आहे. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभा राहा मनानं आणि बोल: वजनकाट्यावर साधारण चार ग्रॅम घेतो, थोड्या पाण्यात विरघळवतो, गरम होतं म्हणून थंड होऊ देतो, मग एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरतो. इथपर्यंत आलास की पुढचं आपोआप येतं: सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबता येत नाही, म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी फिनॉल्फ्थॅलिन वापरून स्टँडर्डाइज करतो, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबतो. चार ग्रॅम का, हे विचारलं तर इक्विव्हॅलंट वजन चाळीस हेही तोवर आठवलेलं असतं. हात ज्या क्रमानं चालले त्याच क्रमानं बोललं की सूत्र मागून येतं. म्हणून या आठवड्यात पुस्तक कमी आणि प्रॅक्टिकलची जर्नल जास्त वाच. प्रत्येक प्रयोग मोठ्यानं, हातवारे करत सांग. लोट्याला क्यूसीसाठी फ्रेशरला जे विचारतात त्यातलं बरंच त्या जर्नलमध्ये असतं. वर थोडं सुरक्षेचं, म्हणजे ॲसिड पाण्यात टाकायचं की पाणी ॲसिडमध्ये, अंगावर केमिकल उडालं तर पहिलं काय करायचं, एमएसडीएस (केमिकलच्या धोक्यांचा माहितीकागद) म्हणजे काय.

आणि खरोखरच येत नसेल तर? "सर, हे मला माहीत नाही. एचपीएलसीचं मशीन कॉलेजात फक्त पाहिलंय, स्वतः चालवलेलं नाही." एवढं म्हण आणि थांब. मुलांना वाटतं इथे नोकरी गेली. केमिकल कारखान्यात उलट आहे. तिथे चुकीचा रिपोर्ट सही करून पुढे पाठवणारा माणूस बॅच घालवतो, कधीकधी त्याहून जास्त घालवतो. एमआयडीसीतल्या आगी आणि स्फोट आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेत, काहींनी आपल्याच गावच्या माणसांसाठी पाहिलेत. न आलेलं न लपवणारा मुलगा आम्हाला हवाच असतो. मी हे तुला धीर यावा म्हणून सांगत नाही. निवडताना आम्ही खरोखर असंच बघायचो.

इंग्रजीचं. ओळखीची सहा-सात वाक्यं इंग्रजीत पक्की कर, तेवढ्यानं सुरुवात होते. पुढे अडलास तर विचार, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" लोटे, महाड, रोहा इथल्या पॅनलवर बहुतेक वेळा मराठी किंवा हिंदी कळणारी माणसं असतात, आणि टायट्रेशन, ब्युरेट, एंड पॉइंट हे शब्द तसेही इंग्रजीच आहेत. एमपीएससीच्या मुलाखतीतसुद्धा मराठीत उत्तरं देता येतात, मग क्यूसी केमिस्टनं संकोच का करावा? बोलण्यातला गावचा हेल लपवायची धडपड तर मुळीच करू नकोस. तो लपवण्यात जेवढं लक्ष खर्च होतं तेवढं उत्तरातून कमी होतं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या बऱ्याच पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिलेबाजीला आळा बसला, ते चांगलंच झालं. पण आपल्याकडची मुलं दोन-तीन वर्षं सरकारी परीक्षांचा अभ्यास करतात, सगळं लेखी, आणि मग खासगी कंपनीत येतात तेव्हा तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी समोर बसवून प्रश्न विचारतं. कॉलेजांनी शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाला निदान दोनदा तरी खोट्या मुलाखतीला बसवलं पाहिजे. तोवर जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांना जा, नको असलेल्या नोकरीसाठीसुद्धा. तिथे घाबरून घे.

प्रवासाकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि कोकणात तेच नडतं. राजापूरहून लोट्याला एसटीनं चार तासांत पोचेन असं धरू नकोस. हायवेचं काम, त्यात पाऊस, आणि चिपळूण सोडल्यावर परशुराम घाट. पावसाळ्यात तिथे दरड येते. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, आणि राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब आहे. बुधवारीच चिपळुणात किंवा खेडला नातेवाइकांकडे मुक्कामाला ये. धावतपळत, भिजून गेटवर पोचलेल्या मुलाची धडधड अर्धी प्रवासाची असते, पण त्याला वाटतं ती मुलाखतीची. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडे मोजे वेगळे. कपडे धुतलेले, इस्त्रीचे, आधी घातलेले. बास.

सकाळी पोटात काहीतरी जाऊ दे. आंबोळी, पेज, जे रोजचं असेल ते. उपाशीपोटी हात जास्त थरथरतात. चहाची सवय असेल तर एक कप, दोन नकोत.

कंपनीच्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं, गेटपास मिळतो, बऱ्याच ठिकाणी मोबाइल तिथेच ठेवून घेतात. मग बसायला सांगतात आणि तास-दीड तास कुणी बोलवत नाही. भीती वाढत जाते ती या बाकावर. नोट्स काढू नकोस, शेवटच्या घटकेला वाचलेलं डोक्यात राहत नाही, न वाचलेलं मात्र दिसत राहतं. शेजारच्या उमेदवाराशी बोल: कुठून आलास, कुठलं कॉलेज. त्यानं घसा मोकळा होतो. श्वास सोडायला जास्त वेळ दे. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, काही मिनिटं. भराभर खोल श्वास घेऊ नकोस, त्यानं चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. आणि 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावू नकोस. हार्वर्डमधल्या एका संशोधिकेनं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं, भाषण किंवा गणितापूर्वी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधड तीच, तिला वेगळं कारण दिलं. तू मनात म्हण, 'मला यांना माझं काम सांगायचंय.'

घरच्यांचं ओझं हा आपल्याकडचा खास भाग आहे. आईनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलेलं असतं, मुंबईच्या काकांना फोन झालेला असतो, आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धी वाडी विचारणार असते, काय झालं? हे सगळं प्रेमानं होतं, पण टेबलासमोर तू एकटा बसलेला असतोस आणि पाठीमागे वाडी उभी असते. या वेळी तारीख फक्त घरात सांग. आई-बाबांना आधीच सांगून ठेव की त्या दिवशी मी फोन करेन, तुम्ही करू नका. गाऱ्हाणं घालू दे, त्यानं तिला बरं वाटतं.

गोळीबद्दल. मित्र म्हणतोय ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असणार. ती काळजाचे ठोके आणि थरथर कमी करते, पण दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, रक्तदाब उतरतो, चक्कर येते. डॉक्टरनं तपासून दिल्याशिवाय घ्यायची नाही, आणि पहिल्यांदा तर मुलाखतीच्या दिवशी मुळीच नाही. झोपेच्या किंवा 'टेन्शनच्या' गोळ्यांचं तर नावही काढू नकोस, त्यांनी डोकं जड होतं. तुझ्या पत्रावरून मला गोळीची गरज दिसत नाही. मात्र आठ-आठ दिवस झोप न येणं, मुलाखतीचं पत्र येऊनही जायचं टाळणं, दुकानात किंवा फोनवर बोलतानाही असंच होणं, हे कुणाचं होत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीत मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पगाराचा प्रश्न येईल. लोट्याला फ्रेशर केमिस्टला सध्या काय देतात ते सीनियरकडून आधीच विचारून ठेव आणि आकडा सांगताना चाचरू नकोस.

बाहेर पडताना एचआरला विचार की निकाल साधारण कधी कळेल. परतीच्या गाडीत बसल्यावर आठवतील ते सगळे प्रश्न वहीत उतरवून काढ, कसं झालं याचा हिशेब न करता फक्त प्रश्न. जिथे अडलास तिथे खूण कर आणि घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते उत्तर कुणाला तरी बोलून दाखव. सांगितलेली मुदत उलटून आठवडा झाला तरी काही कळलं नाही, तर एचआरला फोन करून विचारायला हरकत नाही. आम्हाला त्याचा राग येत नसे.